'ऊर्मी'वरचा निर्लेखित रेडिओ

मी एक जुना रेडिओ आहे. माझ्या एका हाकेवर माणसांचे प्राण वाचतात, जहाजं आपली दिशा बदलतात आणि समुद्रावरची संकटं टळतात. मित्रांनो, असं माझ्यासोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलं आहे. प्रत्यक्षात मध्यंतरी सलग आठ महिने माझ्या माईकच्या हुकावर एक निळा टॉवेल वाळत होता.

माझ्यावर गाणी लागत नाहीत आणि बातम्याही लागत नाहीत. मला उशाशी घेऊन कुणी कधी झोपलेलं नाही. मी होडीवरचा रेडिओ आहे. दुसऱ्या होडीशी, जहाजाशी किंवा बंदराशी बोलायचं असलं की माझा माईक उचलायचा, बटण दाबायचं आणि बोलायचं. ऐकायचं असलं की बटण सोडायचं. एवढं साधं आहे, पण मी जेवढी माणसं पाहिली, त्यांतल्या निम्म्यांना दाबणं जमत नाही आणि उरलेल्यांना सोडणं. समुद्रावर सोळा नंबर नावाची एक वाट सगळ्यांची मिळून असते. तिच्यावर प्रत्येकाने कान लावून बसायचं असतं. माझं आयुष्य बहुतेक या कान लावण्यातच गेलं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जन्माची आठवण एवढीच की एका बाईंनी माझ्या पाठीवर 'तपासले' असा शिक्का मारला आणि मान वर न करता पुढचा रेडिओ घेतला. शिक्क्याशी माझं नातं तेव्हापासूनचं आहे. पुढे ते फार महागात पडणार होतं, पण तेव्हा मी कोरा होतो आणि मला त्या शिक्क्याचा अभिमान वाटला.

तिथून मी चेन्नईच्या बंदरात आलो. मोठी जहाजं धक्क्याला लावणाऱ्या एका टगबोटीवर मी अकरा वर्षं नोकरी केली. तिथले सारंग, म्हणजे बोट चालवणारे, रामस्वामी मला सकाळी सुरू करण्याआधी नमस्कार करत. आयुधपूजेला मला चंदन, कुंकू आणि झेंडूचं फूल मिळे. एका वर्षी चंदन जरा जास्त झालं आणि स्पीकरच्या भोकांत वाळलं. तेव्हापासून माझा आवाज पडसं झाल्यासारखा येतो. पण लोक म्हणत, "रामस्वामींचा रेडिओ म्हणजे रेडिओ!" ते माझ्या आयुष्यातले कौतुकाचे दिवस. ते अकरा वर्षं टिकले, म्हणजे माणसांच्या मानाने बरेच.

मग टगबोटीवर रंगीत पडद्याचा नवा रेडिओ आला आणि मी एका खोक्यात गेलो. रिची स्ट्रीटवरच्या जुन्या यंत्रांच्या एका दुकानातून मला पुरुषोत्तम रावांनी उचललं. पुरुषोत्तम राव म्हणजे तंजावरकडचे मराठी. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून तमिळ मुलखात आहे. त्यांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. त्यांची मराठी जुन्या पेटीतून काढलेल्या शालूसारखी आहे, जरीची आणि मधूनमधून तमिळ ठिगळाची. 'येतो आहे' म्हणायचं असलं की ते 'येऊला' म्हणतात. त्यांनी मला उघडून पाहिलं, फुंकर मारली आणि म्हणाले, "अय्यो, इतका चांगला जीव, आणि ह्याला टाकून दिलं कां?" असं माझ्याबद्दल आजवर कुणी म्हटलेलं नाही.

त्यांनी मला आपल्या मित्राच्या होडीवर बसवलं. ते मित्र म्हणजे रविकांत. मिरजेचे. तरुणपणी चेन्नईजवळच्या एका सरकारी कारखान्यात लागले आणि खरेदी विभागात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले. चेन्नईतच, अड्यारला त्यांचा फ्लॅट आहे. निवृत्तीनंतर लोक गुडघे सांभाळतात. यांनी अठ्ठावीस फुटी शिडाची जुनी होडी घेतली. तिचं नाव 'ऊर्मी'. बंदरातल्या क्लबात ती बांधलेली असते. रविकांतांचं एकच स्वप्न होतं, शिडावर पाँडिचेरीला जायचं. बसने तीन-साडेतीन तासांत होणारा प्रवास एक दिवस आणि एक रात्र घालवून करायचा, यात काय सुख आहे ते मला विचारू नका. ते मलाही त्यांच्या आवाजावरूनच कळलं.

आता मधलं एक दुखणं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी रविकांत सकाळी फेरी मारायला म्हणून गेले. वारा पडला, इंजिन सुरू होईना. दुपारी एकला येतो म्हणाले होते, आले संध्याकाळी सहाला. त्यांच्या पत्नी अलकनंदाबाई ते पाच तास क्लबातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या. अलकनंदाबाई शाळेत गणित शिकवत. बंदराकडे बघत त्यांनी त्या दिवशी कसली गणितं केली असतील, ती त्यांनाच ठाऊक. या पाच तासांत रविकांत माझ्यावरून एक वाक्य बोलू शकले असते. मी चालू होतो. क्लबातही रेडिओ आहे. पण त्यांना वाटलं, उगाच कशाला, पोहोचतोच आहोत. धक्क्याला लागल्यावर ते म्हणाले, "उशीर झाला."

त्यानंतर घरी जे झालं, ते रविकांतांनी पुढच्या रविवारी पुरुषोत्तम रावांना केबिनमध्ये बसून सांगितलं, म्हणून मलाही कळलं.

"ओरडल्या काय?" रावांनी विचारलं.

"ओरडली असती तर बरं होतं. म्हणाली, होडी मला सतत फोनवर दिसली पाहिजे. ज्या दिवशी फोनवरून नाहीशी होईल, त्या दिवशी विकायची."

"दिसंल की, पा. त्याचं यंत्र मिळतं," राव म्हणाले. त्यांचं तमिळ 'पा' म्हणजे आपलं 'बाबा'.

तर मित्रांनो, असं यंत्र खरंच असतं. त्याला एआयएस म्हणतात. ते दर थोड्या वेळाने होडीचं नाव, ठिकाण आणि दिशा हवेत सांगत राहतं. आसपासच्या जहाजांना ते आपल्या पडद्यावर दिसतं आणि किनाऱ्यावरच्या केंद्रांमार्फत घरबसल्या फोनवरही दिसतं. त्यातही दोन जाती आहेत. एक जात फक्त ऐकते. दुसरी ऐकते आणि बोलतेही. पुरुषोत्तम राव म्हणाले, "बोलणारं घे. झालं. चहा टाक."

पण पस्तीस वर्षं खरेदी केलेल्या माणसाला असं दुकानात जाऊन वस्तू घेता येत नाही. रविकांतांनी तीन कोटेशनं मागवली. सतरा रकान्यांचा तुलनात्मक तक्ता केला. पाण्याखाली किती वेळ टिकेल, वीज किती खाईल, पडदा उन्हात दिसेल का, हातातला रेडिओ बरा की भिंतीवरचा, उपग्रहावरून ठिकाण कळवणारी डबी हवी की नको, अँटेना किती उंच. रविवारमागून रविवार ते केबिनच्या टेबलावर बसून पट्टीने रेघा मारत. खरेदी समिती नेमली. समितीत एकच सदस्य होते. त्यांनी बैठकीचं इतिवृत्त लिहिलं आणि सही केली. पुरुषोत्तम रावांना 'विशेष निमंत्रित' म्हणून सही करायला लावलं.

"मी चहा प्यायला आलोय, पा," ते म्हणाले.

"तेही लिहिलंय," रविकांत म्हणाले.

निवड मात्र चांगली झाली, हे मला मान्य करावं लागेल. त्यांनी बोलणारंच यंत्र घेतलं. पडदा छान, बांधणी भक्कम. शेवटच्या पानावर माझा उल्लेख होता : 'जुना संच : चालू स्थितीत, परंतु कालबाह्य. निर्लेखनास योग्य.' निर्लेखन म्हणजे वहीतून नाव काढून टाकणं. डोलकाठीच्या टोकावरची माझी उंच अँटेना नव्या यंत्राला दिली गेली आणि मला मागच्या कठड्यावरची हातभर लांबीची मिळाली. फेकलं नाही, कारण निर्लेखनालाही एक पद्धत असते आणि ती दर वेळी पुढच्या तिमाहीवर जात होती. तोवर हुक रिकामा दिसतो म्हणून कुणीतरी त्यावर टॉवेल टाकला.

आणि आता शिक्क्याची गोष्ट. बोलणाऱ्या यंत्राला एक नऊ आकडी नंबर लागतो. तो खात्याकडून मिळतो आणि यंत्रात एकदाच भरता येतो. चुकला तर यंत्र दुकानात परत. रविकांतांनी अर्ज केला. महिन्याभरात नंबर ईमेलने आला. पण ईमेल म्हणजे काही पत्र नव्हे. त्यांनी तो छापला, फाइलीला लावला आणि वर पेन्सिलीने लिहिलं : 'सही-शिक्क्यासह मूळ प्रत अपेक्षित.' मूळ प्रत आल्याशिवाय नंबर भरायचा नाही, असं ठरलं.

यंत्रावर तेव्हापासून एक पिवळा दिवा लागलेला होता. पुस्तिकेत त्याचा अर्थ चौतिसाव्या पानावर होता. रविकांतांना पुस्तिका पाहण्याची गरज वाटली नाही. त्यांच्या मते तो दिवा 'प्रलंबित' असं म्हणत होता. काम थांबलं असा त्याचा अर्थ होत नाही. कार्यालयातून पत्रं जावक क्रमांकाशिवाय जातात आणि क्रमांक मागाहून पडतो. तसं हे यंत्र तूर्त नावाशिवाय बोलत असेल. शिवाय पडद्याच्या मधोमध 'ऊर्मी' स्वच्छ दिसत होती. भोवती जहाजांचे छोटे त्रिकोण सरकत होते. आपण दिसतो आहोत, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं.

मला ठाऊक होतं की ते यंत्र मुकं आहे. शेजारीच तर बसत होतो. पण माझं बटण दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सातला आम्ही निघालो. वारा मागून, हलका. पुरुषोत्तम राव आदल्या रात्रीचा दहीभात आणि लिंबाचं लोणचं घेऊन आले होते. अलकनंदाबाई आल्या नाहीत. आदल्या दिवशी त्यांनी फोनवर विचारलं होतं, "अजून दिसत नाही तुमची होडी." रविकांत म्हणाले होते, "बंदरात उंच जहाजं आडवी येतात. बाहेर पडलो की दिसेल."

मलाही चालू ठेवलं होतं. तक्त्यात 'चालू स्थितीत' लिहिलं होतं ना, ते खोटं ठरू नये म्हणून.

साडेनऊच्या सुमारास आम्ही चेन्नईच्या दक्षिणेला नीलांकरैच्या समोर, किनाऱ्यापासून सहा मैल आत होतो. किनारा धुरकट रेघ झाला होता. दोघांचे फोन पाणी लागू नये म्हणून पिशवीत बंद होते. दक्षिणेकडून एक मालवाहू जहाज वर येत होतं. पडद्यावर त्याचा त्रिकोण होता, नाव होतं 'सिल्व्हर पाम'. प्रत्यक्षात ते काळं आणि एखाद्या गल्लीएवढं लांब होतं.

"रवी, तो सरळ येऊला," पुरुषोत्तम राव म्हणाले. ते सुकाणूवर होते.

"येऊ दे. शिडाच्या होडीला यंत्राच्या जहाजाने वाट द्यायची असते."

"नियम त्याला ठाऊक आहे. आपण ठाऊक आहोत कां?"

"त्याच्या पडद्यावर आहोत आपण."

जहाज मोठं होत गेलं. नेमकं त्याच वेळी मला टॉवेलाखाली एक हाक ऐकू आली. आधी खरखर. मग वेंकटचा आवाज. वेंकट हे क्लबातले जुने कर्मचारी, होड्यांची नोंदवही ठेवणारे. ते कुणाला तरी सांगत होते, "बटन अमुक्कि पेसुंग, मॅडम." दाबून बोला. आणि मग :

"ऊर्मी, ऊर्मी, ऊर्मी. मी अलकनंदा. तुम्ही फोनवर दिसत नाही."

ती बाई अड्यारहून रिक्षा करून क्लबात आली होती. सोळा नंबरवर, म्हणजे पंधरा-वीस मैलांतल्या प्रत्येक होडीच्या आणि जहाजाच्या कानात, ती मराठीत बोलत होती.

रविकांत दोन पायऱ्या उतरून आत आले, टॉवेल बाजूला फेकला आणि माईक उचलला. आठ महिन्यांनी माझा माईक कुणीतरी हातात धरला होता. हात ओला होता.

"दिसतोय! माझ्या पडद्यावर स्वच्छ दिसतोय."

"तुमच्या पडद्यावर तुम्ही दिसणारच. आरशात मीही दिसते."

रविकांतांनी पडद्याकडे पाहिलं. मग पिवळ्या दिव्याकडे. मग बाहेर, काळ्या जहाजाकडे. मित्रांनो, मी माणसांचे आवाज ओळखतो, चेहरे मला कळत नाहीत. पण तो चेहरा मला कळला. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी जहाजाला त्याच्या नावाने हाक मारली आणि इंग्रजीत आपलं ठिकाण सांगितलं.

मग उत्तर आलं, आणि ते मराठीत आलं.

"ऊर्मी, सिल्व्हर पाम. काका, नमस्कार. मी गुहागरचा. वळलोय मी, काळजी नको. काकू ऐकतायत ना? काकू, दिसतायत हे मला."

जहाजाचं नाक खरोखरच बाजूला सरकत होतं. माझा ऊर भरून आला. पुस्तिकेतलं वाक्य अखेर खरं ठरलं होतं. माझ्या एका हाकेवर जहाजाने दिशा बदलली होती.

"पांढरं शीड आहे ना?" तो पुढे म्हणाला. "वीस मिनिटं बघतोय डोळ्यांनी. कधीचं वळायला घेतलंय. एवढ्या मोठ्या धुडाला वेळ लागतो."

ऊर पुन्हा होता तसा झाला.

"पण काका, यंत्रावर तुम्ही नाही आहात. दिवस आहे म्हणून दिसलात. अंधारात नसतं पाहिलं. यंत्रात नंबर भरलाय ना?"

सगळा समुद्र ऐकत होता. रविकांतांनी बटण दाबलं आणि पस्तीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "प्रक्रियेत आहे."

"कुठल्या प्रक्रियेत?" हा प्रश्न जहाजावरून आला नव्हता.

"मूळ प्रत यायची आहे."

खरखर. कासिमेडूचा कुणी मच्छीमार मधेच तमिळमध्ये हसला. मग अलकनंदाबाईंचा आवाज आला, अगदी सपाट. "रात्री तिकडे असणार होतात तुम्ही. परत या."

"आणि सोळा नंबर मोकळा ठेवा, प्लीज," गुहागरकर म्हणाला.

परतताना वारा समोरून होता. इंजिनाने या वेळी इमान राखलं. दहीभात कुणी उघडला नाही. क्लब दिसू लागल्यावर पुरुषोत्तम राव म्हणाले, "चूक सांगू? मीही विचारलं नाही. सही केलेली, विशेष निमंत्रित म्हणून."

अलकनंदाबाई त्याच पांढऱ्या खुर्चीवर बसल्या होत्या. रविकांत होडी बांधून धक्क्यावर उभे राहिले.

"विकू या," ते म्हणाले. "शब्द दिला होता."

"तुम्ही विकणार?" अलकनंदाबाई म्हणाल्या. "जाहिरात, निविदा, तीन कोटेशनं, समिती. मी ऐंशीची होईन." त्या उठल्या. "कुठे आहे तो डबा?"

आणि त्या होडीत उतरल्या. पहिल्यांदाच. वेंकटनी हात दिला. केबिनमध्ये येऊन त्यांनी आधी खाली पडलेला टॉवेल उचलला, झटकला आणि घडी केली. मग माझ्याकडे पाहिलं. "हा बोलला का?"

"हाच," पुरुषोत्तम राव म्हणाले.

त्यांनी फाइलीतून ईमेलची छापील प्रत काढली, चष्मा लावला आणि नव्या यंत्रासमोर बसल्या.

"एकदाच भरता येतो हां," रविकांत म्हणाले. "चुकला तर..."

"बत्तीस वर्षं बोर्डाच्या परीक्षेचे बैठक क्रमांक तपासलेत मी. तुम्ही एकेक आकडा मोठ्यांदा वाचा. मी परत म्हणेन. मग दाबेन."

ते वाचत गेले, त्या म्हणत गेल्या. नऊ आकडे. एक जण बोलतो, दुसरा ऐकून तेच परत सांगतो, आणि मगच पुढे जायचं. रेडिओवर बोलण्याची हीच रीत आहे. ती या दोघांना इतकी छान जमत असेल, असं मला वाटलं नव्हतं. बहुधा त्यांनाही नसावं.

पिवळा दिवा गेला आणि हिरवा लागला. दहा मिनिटांनी बाईंच्या फोनवर बंदराच्या कोपऱ्यात एक ठिपका उगवला. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'ऊर्मी'. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"हे आपण?"

"हो."

"हलत का नाही?"

"बांधलेली आहे ना," रविकांत म्हणाले. मग म्हणाले, "त्या दिवशी मला वाटलं, उगाच कशाला सांगायचं. पोहोचतोच आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मला पाच तास माहीत नव्हतं."

मग त्यांनी तक्त्याचं शेवटचं पान काढलं आणि निर्लेखनाच्या ओळीवर लाल पेनाने रेघ मारली. पुरुषोत्तम रावांनी एका अँटेनावर दोघांना बसवणारी डबी आणून लावली. आता डोलकाठीच्या टोकावर माझाही हिस्सा आहे. पाँडिचेरीला आम्ही मार्चमध्ये जाऊन आलो. हाक पोहोचेल तिथपर्यंत दर तासाला रविकांत माझ्यावरून एक वाक्य बोलायचे. पहिल्या तासाला 'सर्व ठीक' म्हणाले. तिसऱ्या तासाला डॉल्फिन दिसल्याचं सांगितलं. त्यापुढे आवाज पोहोचत नव्हता, तरी चौथ्या तासालाही ते बोलले. मी ते वाक्य नीट पाठवलं. ते तुम्हाला सांगणार नाही.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातून तुम्ही एक गोष्ट घ्या. जुन्या वस्तू जपा, त्यांच्यावर टॉवेल टाकू नका. आणि कुणी किनाऱ्यावर तुमच्यासाठी कान लावून बसलं असेल, तर पोहोचायची वाट बघू नका. बटण दाबा आणि बोला. मग बटण सोडा, म्हणजे त्यांचंही ऐकू येईल.

खात्याकडून नंबराच्या पत्राची मूळ प्रत जूनमध्ये टपालाने आली. रविकांतांनी ती होडीवर आणून मोठ्यांदा वाचली. तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं : 'हे पत्र संगणकाद्वारे तयार केलेले असल्याने त्यावर सही-शिक्क्याची आवश्यकता नाही.'